गांजा आधी की आजार आधी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या खेपेची बरीचशी पत्रं एकाच धुराभोवती घुटमळणारी आहेत: गांजा, तंबाखू आणि घरातलं आजारी माणूस. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं-गावं गाळली आहेत. औषधांचे आकडे समजण्यापुरते दिले आहेत. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच, हे एकदाच सांगतो आणि पुढे जातो.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षापासून गांजा ओढायचा. एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आई म्हणते, गांजानेच घात केला. भाऊ म्हणतो, डोक्यात गडबड आधीच सुरू झाली होती, गांजाने उलट जरा बरं वाटायचं. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही. हे वेळ मारून नेणारं उत्तर नाही. संशोधकही याच गाठीशी चाळीसेक वर्षं झटापट करत आहेत.

सुरुवात स्वीडनपासून करू. तिथे १९६९-७० मध्ये लष्करी भरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांच्या नशेच्या सवयी विचारून ठेवल्या होत्या. पुढच्या १५ वर्षांत त्यांच्यापैकी कोण स्किझोफ्रेनियासाठी रुग्णालयात दाखल झालं ते नोंदींवरून तपासलं गेलं. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आला: भरतीपूर्वी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये आजाराचं प्रमाण कधीच न ओढलेल्यांच्या सहापट. हा आकडा आजही भाषणांत ऐकू येतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. भरतीच्या वेळीच कोणाला मानसिक त्रास होता वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर सहापट घसरून सव्वादोनपटीच्या आसपास आली. जो भाग घसरला ते तुमच्या भावाचं म्हणणं. जो उरला ते आईचं.

आईची बाजू पुढे भक्कम होत गेली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य, शिरेतून दिलं. डोस २.५ किंवा ५ मिलिग्रॅम. संशय, विचारांची तुटातूट, वेळेचं भान सुटणं अशी लक्षणं दिसली आणि काही तासांत ओसरली. यातून कोणाला स्किझोफ्रेनिया झाला नाही, पण लक्षणं आणि द्रव्य यांचा थेट संबंध डोळ्यांसमोर आला. २०१९ मध्ये युरोपातल्या १० आणि ब्राझीलमधल्या एका ठिकाणची माहिती प्रसिद्ध झाली: सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमांनी वास्तवाशी नातं तुटण्याचा (स्किझोफ्रेनिया त्यातलाच), पहिला झटका आलेले ९०१ जण आणि त्याच भागांतले आजार नसलेले १,२३७ जण. रोज गांजा ओढणाऱ्यांमध्ये आजाराची शक्यता ३.२ पट होती. रोज ओढणारा आणि तोही १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला माल असेल, तर ४.८ पट. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के टीएचसी असायचं, २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के. ‘आमच्या वेळीही पोरं ओढायची, काही झालं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. नाव तेच आहे, माल तो नाही.

भावाच्या बाजूनेही पुरावा आहे. स्किझोफ्रेनिया एका रात्रीत उगवत नाही. आधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं झोप बिघडते, माणूस एकलकोंडा होतो, लोकांच्या बोलण्यात वेगळे अर्थ दिसू लागतात. या काळात आराम शोधत कोणी गांजाकडे वळलं तर नवल नाही. २०१८ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात स्किझोफ्रेनियाचा आनुवंशिक कल असलेले लोक गांजाकडे जास्त वळतात असं स्पष्ट दिसलं. उलट दिशेचा, म्हणजे गांजाकडून आजाराकडे जाणारा पुरावा त्या पद्धतीत फिका होता.

आणि ‘पाचपट’ म्हणजे किती तेही पाहावं. जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. लहान संख्येची पाचपटही तशी लहानच. गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, आणि हा आजार असलेल्या अनेकांनी गांजाला कधी हातही लावलेला नसतो. म्हणून एकट्या तुमच्या भावाकडे बोट दाखवून ‘याला गांजामुळेच झाला’ किंवा ‘गांजाचा संबंधच नाही’ असं कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही.

उपचाराच्या दृष्टीने मात्र हा वाद निरर्थक आहे. आधी काय झालं ते काहीही असो, पहिल्या झटक्यानंतर ज्यांनी गांजा चालू ठेवला त्यांचा आजार जास्त वेळा उलटला. ज्यांनी सोडला त्यांची वाटचाल कधीच न ओढलेल्यांसारखी राहिली. हे २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. आईने आणि भावाने भांडण जिंकायची गरज नाही. आज तो ओढतो की नाही, एवढंच विचारा.

प्रश्न: गांजा नुसता ओढणारे कमीच. सिगारेट मोकळी करून तिच्या तंबाखूत मिसळून भरतात. मग संशोधनात दिसतं ते गांजाचं की तंबाखूचं?

उत्तर: बऱ्याच संशोधकांना हा प्रश्न उशिरा सुचला.

तंबाखू निर्दोष नाही. २०१५ मध्ये ६१ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याच्या वेळी ५७ टक्के रुग्ण धूम्रपान करत होते. रोज ओढणाऱ्यांना सायकोसिसच्या आजाराचा धोका दुपटीहून थोडा अधिक निघाला. दुसरीकडे, आजार सुरू होण्याचं वय पाहिलं तर दोन्हींची वाट वेगळी होते. २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात गांजा ओढणाऱ्यांचा आजार सुमारे ३२ महिने आधी सुरू झालेला दिसला. तंबाखू ओढणाऱ्यांत असा फरक सापडला नाही. म्हणजे गांजाच्या खात्यावरचं सगळंच तंबाखूकडे वळवता येत नाही.

गोंधळ होतो तो प्रश्नावलीत. ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला फक्त जॉइंट, म्हणजे गांजा भरलेली सिगारेट, ओढणारा मुलगा ‘नाही’ म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. पण एका सिगारेटमध्ये साधारण ०.७ ग्रॅम तंबाखू असते. त्यातली निम्मी जॉइंटमध्ये गेली आणि दिवसाला चार जॉइंट झाले, की दोन सिगारेटी झाल्या. कागदावर हा ‘धूम्रपान न करणारा’, शरीराला मात्र निकोटिनची सवय. शिवाय दोन्ही गोष्टी कायम जोडीने फिरत असतील तर नुसता गांजा किंवा नुसती तंबाखू ओढणारे इतके थोडे उरतात, की दोघांचा परिणाम वेगळा काढताना आकडे डळमळतात. त्यामुळे एखाद्या अभ्यासाबद्दल वाचताना तंबाखूची वेगळी नोंद ठेवली होती का, ते आधी शोधावं.

घरात हिशेब ठेवायचा तर पाकिटं मोजून भागत नाही. दिवसाला जॉइंट किती, त्यात तंबाखू किती, सुट्या सिगारेटी किती आणि सकाळी उठल्यापासून किती मिनिटांत पहिला झुरका, या चार गोष्टी हव्यात. शेवटची सर्वांत बोलकी. अर्ध्या तासाच्या आत झुरका लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे.

प्रश्न: आमच्या आत्याला अनेक वर्षं नैराश्याचा आजार आहे. दिवसाला दहा-बारा सिगारेटी होतात. ओढली की शांत होते. तिचा हा एवढाच आधार काढून घेणं क्रूरपणा नाही का?

उत्तर: ती शांत होते हे खरं. कशातून शांत होते ते बघा. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. ते उतरू लागलं की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं सुरू होतं, आणि पुढची सिगारेट हाच त्रास शमवते. दिवसातून दहा-बारा वेळा स्वतःच लावलेली आग विझवायची, याला आधार म्हणवत नाही.

२०१४ मध्ये २६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाला होता. मानसिक आजार असलेल्यांमध्येही हेच दिसलं, आणि फरकाचा आकार नैराश्यविरोधी औषधांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. फक्त हा फायदा पहिल्या आठवड्यात शोधायला जाऊ नका. सोडतानाचा त्रास काही तासांतच सुरू होतो, पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि पुरतं निवळायला दोन ते चार आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘बघा, सोडल्यापासून हिची तब्येत बिघडली’ म्हणून परत पाकीट हातात देणारे नातेवाईक आम्ही पुष्कळ पाहतो. हिशेब सहा आठवड्यांनंतर करा.

‘मनोरुग्णाला निकोटिन औषधासारखंच लागतं’ ही समजूत डॉक्टरांमध्येही रुजलेली आहे. तिच्यात थोडं तथ्य आहे, निकोटिनने लक्ष थोडा वेळ सुधारतं. पण ती इतकी पसरली कशी? तंबाखू उद्योगाच्या अंतर्गत कागदपत्रांवर आधारित एक शोधनिबंध २००८ मध्ये आला. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत या कल्पनेला बळ देणाऱ्या संशोधनाला उद्योगानेच पैसा पुरवला होता, असं त्यात निघालं.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात आणि त्यातले बरेच मृत्यू हृदय आणि फुफ्फुसांच्या आजारांनी होतात. सोडायच्या औषधांनी मन बिघडेल ही भीतीही आता जुनी झाली. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत ८ हजारांवर लोक होते, त्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजार होता. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि निकोटिनचा पॅच यांपैकी कशानेही मानसिक त्रास लक्षणीय वाढला नाही. ब्युप्रोपिऑन मात्र फिट येणाऱ्यांना देत नाहीत. आत्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा.

प्रश्न: भाऊ रात्री क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध ४०० मिलिग्रॅम घेतो. रोजच्या पंचवीसेक सिगारेटी त्याने एका झटक्यात बंद केल्या. आम्ही खूश होतो. आठव्या दिवसापासून तो दिवसभर झोपतो, उशी लाळेने भिजते, उठताना तोल जातो. गोळी तीच, वेळ तीच. मग हे काय?

उत्तर: आजच डॉक्टरांना फोन करा. उत्तर पूर्ण वाचायला थांबू नका.

गोळी तीच आहे, पण रक्तातलं औषध वाढलं आहे. क्लोझापिनचा निचरा यकृतातलं सीवायपी-१ए२ नावाचं एन्झाइम करतं. तंबाखू जळताना निघणारी हायड्रोकार्बनं हे एन्झाइम वाढवतात, म्हणून धूम्रपान करणाऱ्याला मोठा डोस लागतो. तुमच्या भावाचे ४०० मिलिग्रॅम धुरासकट ठरलेले आहेत. धूर थांबला की वाढीव एन्झाइमची ताकद साधारण ३९ तासांत निम्म्यावर येते आणि आठवड्याभरात मूळ पातळीला जाते. तोच डोस आता संथपणे बाहेर पडतो. रक्तातली पातळी ५० टक्क्यांनी वाढणं नित्याचं, काहींची दुप्पट होते. गुंगी, लाळ, तोल जाणं, घट्ट बद्धकोष्ठता, गोंधळ ही लक्षणं, आणि पातळी फार चढली तर फिट.

इथे लोकांची गल्लत होते ती अशी. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. त्यामुळे पॅच, च्युइंगम किंवा व्हेप (ई-सिगारेट) चालू असला तरी एन्झाइमच्या लेखी धूम्रपान बंदच. सिगारेट सोडून चघळायच्या तंबाखूवर जाणाऱ्याचंही तेच. गांजाचा धूरही हे एन्झाइम वाढवतो, म्हणून गांजा आणि सिगारेट एकाच दिवशी सुटली तर दुहेरी फरक पडू शकतो.

आकड्यांतही एक गंमत आहे. एन्झाइम पुरतं वाढवायला दिवसाला ७ ते १२ सिगारेटी पुरतात. म्हणून ३० वरून १५ वर आल्याने औषधात फारसा फरक पडत नाही. आठवरून शून्यावर आल्याने पडतो. ‘हळूहळू कमी करतोय, काही होत नाही’ असं म्हणत शेवटच्या टप्प्यावर बेसावध राहणारे इथेच सापडतात.

शहाणपणाचा क्रम असा: सोडण्याची तारीख डॉक्टरांना किमान आठवडाभर आधी सांगायची. सोडण्यापूर्वी रक्तातली क्लोझापिनची पातळी तपासायची. नमुना रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी असेल तर ती घेण्याआधी. साधारण ३५० ते ६०० नॅनोग्रॅम प्रति मिली ही कामाची पट्टी. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टर टप्प्याटप्प्याने डोस सुमारे पाव हिश्श्याने उतरवतात, आठवड्याने पुन्हा रक्त तपासतात आणि लागलं तर आणखी कमी करतात. ताप किंवा छातीचा जंतुसंसर्ग झाला तरी पातळी चढते, तेही कळवा.

दोन गोष्टी करू नका. पातळी उतरावी म्हणून परत सिगारेट देऊ नका. आणि घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. क्लोझापिनमध्ये ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत यावं लागतं.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. रुग्णालयात धूम्रपानबंदी असते. तिथे धुराविना डोस बसवला जातो. घरी आल्यावर पाकीट सुरू झालं की औषधाची पातळी घसरते आणि काही आठवड्यांत कानातले आवाज परत येतात. घरचे म्हणतात, गोळ्या चुकवत असणार. गोळ्या तो इमानाने घेत असतो.

ओलान्झापिन या तशाच औषधालाही हाच नियम, जरा सौम्य. रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्राझोलला तो लागू नाही. कॉफीतलं कॅफिनही याच एन्झाइमने निघतं. सिगारेट सोडल्यावर तेवढ्याच कपांनी जास्त धडधड आणि जाग येते, आणि दोष सिगारेट सोडण्याला दिला जातो. कॉफी निम्मी करा, पण क्लोझापिन चालू असेल तर तो बदलही डॉक्टरांना सांगून, कारण कॅफिन आणि क्लोझापिन त्याच एन्झाइमसाठी रांगेत असतात.

प्रश्न: निकोटिनचं च्युइंगम आणलं. उचक्या, छातीत जळजळ, मळमळ. फेकून दिलं. पॅचने रात्री भयानक स्वप्नं पडली. म्हणजे मला हे चालत नाही असं समजायचं का?

उत्तर: नाही. च्युइंगम तुम्ही च्युइंगमसारखं खाल्लंत, एवढंच.

त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून जायला हवं. सतत चघळलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथे जळजळ करतं आणि उपयोग होत नाही. रीत अशी: सावकाश चावा. तिखट चव आली किंवा जिभेला मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, पुन्हा ठेवा, या वेळी दुसऱ्या बाजूला. एक गम अर्धा तास चालतो. चहा, कॉफी, फळांचा रस, शीतपेय हे आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना नको. आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. जागं झाल्यापासून अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. तलफ आल्यावर शोधाशोध करायची नाही, वेळ झाली की घ्यायचा. बहुतेक लोक फार कमी घेतात आणि मग ‘लागू पडलं नाही’ म्हणतात.

पॅच दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा: सहा आठवडे तो, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. केस नसलेल्या कोरड्या कातडीवर लावून तळव्याने दहा सेकंद दाबायचा, आणि रोज जागा बदलायची. स्वप्नं त्रास देत असतील तर झोपताना काढून टाका. सकाळी नवा लावल्यावर पातळी चढायला काही तास जातात, त्या वेळेपुरता गम. पॅच आणि गम एकत्र वापरणं ही चूक नाही. एकट्या पॅचपेक्षा जोडीने यश जास्त मिळतं.

प्रश्न: गांजा सोडून चार दिवस झाले. झोप नाही, भूक नाही, सगळ्यांवर खेकसतो. गांजाची सवय लागत नाही म्हणतात ना? आणि तंबाखूही आत्ताच सोडू का?

उत्तर: लागते. प्रौढपणी सुरू करणाऱ्यांत साधारण दहातल्या एकाला, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत सहातल्या एकाला. तुम्ही सांगता तो त्रास अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-यादीत २०१३ पासून अधिकृतपणे आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात टोकाला जातो, दुसऱ्या आठवड्यात उतरतो. घाम, थरथर, पोटात कळ येऊ शकते. झोप मात्र महिनाभरही रेंगाळते, आणि स्वप्नं इतकी ठसठशीत पडतात की लोक घाबरतात. गांजाने दबलेली स्वप्नांची झोप उसळून वर येते, ती आपोआप बसते. झोपेसाठी दारूचा घोट हा सर्वांत वाईट उपाय. गांजा सोडवण्यासाठी मान्यता मिळालेली गोळी अजून नाही. समुपदेशन आणि वर्तनोपचार हाच उपचार आहे, आणि तो उपयोगी पडतो.

तंबाखूचं उत्तर जॉइंटमध्ये काय भरायचात यावर आहे. तंबाखू मिसळत असाल तर तुमची आत्ताची चिडचिड अर्धी निकोटिनची असू शकते. मग एकतर माणूस सिगारेटी वाढवतो किंवा ‘एकच’ म्हणून जॉइंट पेटवतो. आमचं मत: मिसळणाऱ्याने दोन्ही एकत्र सोडावं आणि पहिल्या दिवसापासून पॅच लावावा, जॉइंटमधली तंबाखूही सिगारेटींत मोजून. न मिसळणाऱ्याने हवं तर आधी गांजा, मग सिगारेट.

घरच्यांसाठी एक खूण. चिडचिड, जागरण, भूक मरणं हा सोडतानाचा त्रास. कानात आवाज येणं, कोणीतरी मागावर आहे याची पक्की खात्री वाटणं, हे त्यात बसत नाही. ते दिसलं तर दुसऱ्या आठवड्याची वाट पाहू नका.

प्रश्न: मित्रांच्या नादाने गांजा घातलेलं बिस्कीट खाल्लं. तासाभरात काही वाटेना म्हणून दुसरं खाल्लं. मग रात्रभर वाटत होतं की सगळे माझ्याबद्दलच बोलताहेत. सकाळी ठीक. आता मला वेड लागणार का?

उत्तर: एका रात्रीवरून तसं म्हणता येत नाही. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेल्याला अर्ध्यापासून दोन तास लागतात आणि तो बराच जास्त वेळ टिकतो. तुम्ही पहिलं चढण्याआधीच दुसरं खाल्लंत. नशा उतरली तसे विचार उतरले, ही चांगली खूण. पण नशा उतरूनही भास किंवा संशय दोन-चार दिवस रेंगाळला असता, तर तो वेगळा मामला. गांजामुळे सायकोसिस झाल्याचं रीतसर निदान झालेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के पुढे स्किझोफ्रेनियाकडे गेले, असं २०२० च्या एका आढाव्यात दिसलं. घरात कोणाला हा आजार असेल तर तुमच्यासाठी ‘पुन्हा एकदा’ नाही.

प्रश्न: सीबीडी तेलाने सायकोसिस बरा होतो असं वाचलं. मुलाला द्यावं का?

उत्तर: सीबीडी म्हणजे गांजातलं नशा न आणणारं द्रव्य. गोळ्यांच्या जागी ते मुळीच नको. २०१८ मध्ये दोन चाचण्या आल्या. चालू औषधांच्या जोडीला रोज १,००० मिलिग्रॅम सीबीडी दिलेल्या चाचणीत लक्षणं थोडी उतरली, ६०० मिलिग्रॅमच्या चाचणीत फरक पडला नाही. बाटलीवर सांगितलेले थेंब या मात्रेच्या जवळपासही जात नाहीत. शिवाय २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ उत्पादनं तपासली तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांवर लिहिलेलं प्रमाण बरोबर निघालं, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. जे टाळायचं तेच.

प्रश्न: मुलगा म्हणतो सोडला. त्याला न सांगता लघवीची चाचणी करून घेऊ का?

उत्तर: चाचणी तुम्हाला वाटतं ते सांगणार नाही. टीएचसी चरबीत साठतं. क्वचित ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष तीन-चार दिवस दिसतात, रोज ओढणाऱ्याच्या महिनाभर, कधी त्याहून जास्त. तीन आठवड्यांपूर्वी खरोखर सोडलेला मुलगा ‘पॉझिटिव्ह’ निघेल आणि तुम्ही त्याला खोटं पाडाल. किती ओढला, कधी ओढला हेही त्यातून कळत नाही. करायचीच तर त्याला सांगून, डॉक्टरांमार्फत, दर आठवड्याला, आणि आकडा उतरतो आहे का ते बघायला. त्याला विचारतानाही ‘अजून ओढतोस का?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. ‘या आठवड्यात किती दिवस ओढला नाहीस?’ असं विचारा. ‘दोन दिवस’ म्हणाला, तर ते दोन दिवस कोणते आणि त्या दिवशी वेगळं काय होतं, तिथून बोलणं सुरू होतं.